दोन गोल एक होईपर्यंत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. वाचलं, घडी घालून उशाशी ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. लेक फोनवर येत नाही, आलीच तर 'हं' म्हणते आणि फोन आईच्या हातात देते, हे तू एका ओळीत लिहिलंस खरं. पण ती ओळ लिहायला तुला किती वेळ लागला असेल ते मला कळतं. आणि शेवटी विचारलंस, 'तुझी आईही बदलीमुळे बाहेरगावी असायची. तू तेव्हा काय करायचास?'

मी झोपेचं सोंग घ्यायचो.

आई दर पंधरा दिवसांनी शनिवारी रात्री यायची आणि सोमवारी पहाटे जायची. निघताना माझ्या अंथरुणाशी येऊन वाकायची. नुकत्याच धुतलेल्या हाताचा गार स्पर्श कपाळाला व्हायचा आणि मी डोळे गच्च मिटून पडून राहायचो. तिला कळत असणारच. झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा आवळलेल्या नसतात. पण तिने एकदाही 'ऊठ' म्हटलं नाही. दार हळूच ओढून घ्यायची, आणि तिची पावलं ऐकू येईनाशी झाली की मी उठून बसायचो. ती घरी असायची तेव्हाही मी विचारलं तेवढंच बोलायचो. आपण होऊन तिला काही सांगायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. दहा वर्षांचा होतो, पण अबोला अगदी पक्का होता.

सहा महिने हे असं चाललं. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा आला, की त्याच्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

त्या सोमवारी पहाटे नेहमीसारखा कपाळावर गार हात आला. मी नेहमीसारखे डोळे मिटले. आणि ती कानाशी म्हणाली, "ऊठ. आपल्याला जायचंय. दोघांनाच."

मी सोंग विसरून डोळे उघडले. तिने रजा काढली होती. शाळेत काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. माझ्या अंगावर दोन स्वेटर चढवले, कानटोपीची गाठ हनुवटीखाली बांधली आणि आम्ही पहिल्या बसने निघालो. बाहेर मिट्ट काळोख. खिडकीची काच नीट बसत नव्हती, फटीतून सुरीसारखा वारा आत यायचा. आईने पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं, घडीवर घडी घालून त्याची पट्टी केली आणि त्या फटीत दाबून बसवली. माझ्या बाजूची आधी. तिच्या बाजूला कागद पुरला नाही.

बराच वेळ दोघंही गप्प. मग ती म्हणाली, "या आठवड्यात सूर्य आपल्याला वर्षातला सगळ्यात जवळ असतो, माहितीये?"

माझे दात वाजत होते. मला ते पटेना. पण तिने आकडे सांगितले: आत्ता सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, आणि जुलैत १५ कोटी २१ लाख. पृथ्वीची वाट अगदी गोल नाही, किंचित लांबट आहे.

"मग थंडी कशी?" माझ्या तोंडून निसटलं. सहा महिन्यांत मी आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न.

"पृथ्वी कललेली आहे ना. साडेतेवीस अंश. या दिवसांत आपली बाजू सूर्याकडे पाठ करून असते. ऊन येतं, पण तिरपं येतं, पसरून जातं." असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर अजून काहीच दिसत नव्हतं.

मग तिने मला करकोच्याची गोष्ट सांगितली. ही तुझ्या लेकीसाठी लक्षात ठेव. थंडीत पक्षी जातात कुठे, हे माणसांना कितीतरी शतकं कळत नव्हतं. पाकोळ्या तळ्याच्या तळाशी चिखलात झोपून राहतात, असं शहाणीसुरती माणसंही मानायची. १८२२ साली जर्मनीत एक पांढरा करकोचा सापडला. त्याच्या मानेतून आरपार एक भाला गेलेला होता, सुमारे पाऊण मीटर लांब. तो भाला आफ्रिकेतला निघाला. म्हणजे तो पक्षी मानेत भाला घेऊन आफ्रिकेहून उडत परत आला होता! तो पेंढा भरून जपून ठेवला आहे, अजूनही तिथल्या रोस्टॉक विद्यापीठात आहे. मी ते ऐकलं आणि माझा हात आपोआप मानेकडे गेला. "त्याला दुखलं असेल ना?" हा दुसरा प्रश्न. आई म्हणाली, "दुखलंच असेल. तरी आला."

उजाडता उजाडता बसने आम्हाला रस्त्याकडेला सोडलं. तिथून पायवाटेने जलाशयापर्यंत चालत. पोचलो तर समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नाही. पाणी दिवसभराची ऊब सहजासहजी सोडत नाही, हवा मात्र रात्रीत गारठते. मग पाण्यावरची दमट हवा त्या गारठ्यात मिसळते आणि तिची अशी वाफ दिसायला लागते. हे मी आता सांगतो आहे. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं, की एवढ्या लांब येऊन काहीच दिसत नाही. आणि ठरवून ठेवलेला सगळा राग वर आला. मी म्हटलं, "काही नाहीये इथे. घरी जाऊ."

ती रागावली नाही. समजूतही काढली नाही. एक सपाट दगड बघून त्यावर बसली, शाल अर्धी पसरून माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाली, "दिसत नाहीये. पण ऐकू तर येतंय."

मी उभाच राहिलो. उभ्यानेच ऐकायला लागलो. आधी नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. मग कुठेतरी पंख फडफडल्यासारखं. मग पलीकडच्या काठावर कुणीतरी खोकलं, आणि ते इतकं जवळ वाटलं की मी मागे वळून पाहिलं. हिवाळ्यातल्या सकाळी पाण्याजवळची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दूरचं बोलणंही शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं. ते शास्त्र मला फार पुढे कळलं. त्या सकाळी मात्र ते दिसेनासं झालेलं जग माझ्या कानाशी येऊन बसल्यासारखं झालं होतं.

आणि मग वरून आवाज आला. आंग... आंग... आंग. नाकातून काढल्यासारखा, एकामागून एक, डोक्यावरून पुढे सरकत जाणारा. धुक्यात कुणीच दिसेना. आईने माझं मनगट धरलं. तिचा हात थरथरत होता. मला वाटलं थंडीने. आता वाटतं, तेवढ्यानेच नसावा.

"पट्टकादंब," ती कुजबुजली. "हंसाच्या कुळातले. रात्री शेतांत चरतात, सकाळी पाण्यावर येतात. हिमालय ओलांडून आलेत हे."

मी तिच्या शेजारी शालीवर बसलो.

तासाभराने धुकं विरळ होऊ लागलं. पडदा वर जावा तसं नाही. आधी इथे एक भोक, तिथे एक भोक. एका भोकात शेकाट्याचे लांबलचक गुलाबी पाय दिसले, वरचा पक्षी नाहीच. दुसऱ्यात चक्रवाकांची नारिंगी जोडी. मग हळूहळू सगळं पाणी उघडं पडलं आणि त्यावर इतके पक्षी होते की माझं मोजणं विसाच्या पुढे गेलंच नाही.

आता दुर्बिणीबद्दल सांगतो, कारण हे पत्र मी मुख्यतः तिच्यासाठी लिहितो आहे. आईने कचेरीतल्या कुणाकडून तरी एक दिवसासाठी मागून आणली होती. ८ × ४० ची. म्हणजे वस्तू आठपट मोठी, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. जड होती, गळ्यात घातली की मान पुढे यायची. मी ती डोळ्यांना लावली आणि मला दोन गोल दिसले. दोन वेगवेगळे गोल, मध्ये काळं, आणि दोन्हींत अर्धं अर्धं पाणी. मी म्हटलं, "ही मोडकी आहे."

"मोडकी नाही. मोठ्या माणसाच्या डोळ्यांना लावून ठेवलीये." ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. दुर्बीण माझ्या डोळ्यांवरच होती. तिने दोन्ही नळ्या दोन्ही हातांनी धरल्या आणि मधल्या बिजागरीवर त्या हळूहळू मिटायला सुरुवात केली. "अजून दोन दिसतात?" "हो." थोडं आणखी. "आता?" "दोनच. पण चिकटलेत." तिचे अंगठे माझ्या गालांना लागत होते, बर्फासारखे. "आता?" आणि ते दोन गोल एकमेकांत शिरले. मध्ये काळं उरलं नाही. एकच मोठा, स्वच्छ गोल झाला, आणि त्यात आईचा स्वेटर. लोकरीचा एकेक टाका नुसता धुरकट, जवळ होती म्हणून. ती बाजूला सरकली, आणि तिच्या जागी एक पक्षी उभा होता.

राखाडी अंग, पिवळी चोच, पांढरं डोकं, आणि त्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे. कुणीतरी बोटाने काजळ ओढावं तसे. एका पायावर उभा. दुसरा पाय पोटाच्या पिसांत.

"त्याला थंडी नाही वाजत? पायात काहीच नाही."

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं. पक्ष्याच्या पायात खाली जाणारं ऊन रक्त आणि वर येणारं गार रक्त अगदी चिकटून वाहतं. खाली जाणारं आपली ऊब वर येणाऱ्याला देऊन टाकतं, म्हणून पाय गार राहतो पण अंगातली ऊब वाया जात नाही. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. हे येतात कुठून? तिबेट, मंगोलिया. वजन किती? दोन-तीन किलो. इतक्या उंच श्वास कसा घेतात? त्यांचं रक्त विरळ हवेतलाही प्राणवायू घट्ट पकडून ठेवतं. मधूनमधून ती पिशवीत हात घालून काहीतरी बघायची. मी दुर्बिणीत असल्यामुळे त्याकडे लक्ष दिलं नाही.

(पुढे शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवली तेव्हा एकाची उंची ७,२९० मीटर भरली. वाऱ्याच्या पाठबळाची वाट न बघता, बहुतेक रात्री नाहीतर भल्या पहाटे चढतात. हवा तेव्हा गार आणि दाट असते, पंखांना धरायला काहीतरी मिळतं. मी ते वाचलं त्या दिवशी ताबडतोब आईला फोन केला होता.)

मग मी असा एक प्रश्न विचारला की तिने पिशवीत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मान हलवली. मला काही पक्षी असे दिसत होते, की बाकी सगळं तसंच, पण डोक्यावर पट्टे नाहीत. नुसती मागून काळपट मान. "हे कोण?"

"माहीत नाही रे," आई म्हणाली. "खरंच माहीत नाही. बघू या का?"

आणि आम्ही बघितलं. एकदा मी, एकदा ती, दुर्बीण आलटून पालटून. किती वेळ गेला कोण जाणे. मध्येच दलदलीवरून एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, तरंगत आला आणि सगळी बदकं एकदम उठली. मोठ्या पावसाची सर पत्र्यावर यावी तसा आवाज झाला, मी आईच्या दंडाला बिलगलो, दोन मिनिटांत सगळं पुन्हा पाण्यावर. पट्टे नसलेले मात्र उडतानाही भरकटले नाहीत आणि उतरतानाही नाही. तेव्हा मला दिसलं. मी ओरडलोच, "आई, ते एकटे नसतातच!" पट्टे नसलेले तीन, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पट्टेवाले दोन. पलीकडे पट्टे नसलेला एक, शेजारी पट्टेवाले दोन. पट्टे नसलेल्याजवळ दुसरं कुणी फिरकलं तर पट्टेवाला मान खाली घालून त्याच्या अंगावर धावून जायचा.

आईने माझ्याकडे पाहिलं. "पिल्लं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तिने पिशवीतून पेन काढलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मी सांगितलेलं ती लिहून घेते आहे, हे मला इतकं मोठं वाटलं की काय सांगू तुला. आम्ही बरोबर होतो. हंसांची पिल्लं पहिला प्रवास आईबापांबरोबर करतात, पहिला हिवाळाही त्यांच्याबरोबरच काढतात, आणि वाट अशीच शिकतात. सगळ्याच पक्ष्यांचं तसं नसतं. कोकिळेच्या कुळातली युरोपातली पिल्लं तर आईबापांचं तोंडही न पाहता एकटी आफ्रिकेला जातात. पण आमचे तसे नव्हते.

दुपारी मी एका बदकाच्या मागे काठाने गेलो आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतलो. बूट, मोजे, सगळं चिंब. आता बोलणी बसणार असं वाटलं. आईने मला दगडावर बसवलं, मोजे काढून पिळले, माझे पाय तिच्या मांडीवर घेतले आणि शालीत गुंडाळून दोन्ही हातांनी चोळत बसली. आणि मी बोलायला लागलो. कुठून सुरुवात केली ते आठवत नाही. पडलेला दात, वर्गातलं भांडण, गणितात गेलेले मार्क आणि ते मी घरी दाखवले नव्हते ते, रात्री तिची साडी उशाखाली घेऊन झोपतो ते. सहा महिन्यांचं सगळं, उलटसुलट. ती मध्ये एकदाही बोलली नाही. पाय चोळत राहिली.

सगळ्यात शेवटी मी विचारलं, "तू कायमची कधी येणार?"

मित्रा, इथे ती 'लवकरच' म्हणू शकली असती. मोठी माणसं म्हणतातच. तिने विचार केला आणि म्हणाली, "दीड वर्ष लागेल. कदाचित दोन." मला रडू आलं. ती म्हणाली, "मलाही येतं. तिकडे गेल्यावर." आणि पाय पुन्हा शालीत नीट गुंडाळले. दोन वर्षंच लागली, पण मी त्या आकड्याला धरून राहिलो. भिंतीवरच्या कॅलेंडरात खुणा करत गेलो.

परतीचं फारसं आठवत नाही. मी तिच्या खांद्यावर झोपलो होतो. खराखुरा. मंगळवारी पहाटे कपाळावर हात आला तेव्हा मी डोळे उघडले आणि तिची पिशवी दारापर्यंत नेली.

तुझं पत्र आल्यावर मी आईला फोन केला. गुडघे दुखतात, बाकी बरी आहे, तुझी चौकशी करत होती. मी म्हटलं, "तुला त्या दिवशी पक्ष्यांबद्दल इतकं कसं माहीत होतं?" ती हसायलाच लागली. तिला हंस आणि बदक यांतला फरकही कळत नव्हता म्हणे. तिथल्या खोलीवर रात्री वाचनालयाची पुस्तकं घेऊन बसायची. आधी तिने एका कागदावर मी काय काय विचारेन ते प्रश्न लिहून काढले, आणि मग एकेकाचं उत्तर शोधलं. "पण तू विचारशील की नाही, हेच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "कागद तसाच घडी घालून परत न्यावा लागेल असं वाटलं होतं."

तो कागद आता नाही. दुर्बीण आहे. ती मागून आणलेली नव्हे, तशीच दुसरी. बदली संपवून आई परत आली तेव्हा घेऊन आली होती. पट्टा मी दोनदा बदललाय, भिंगं स्वच्छ आहेत. आज ती या पत्राबरोबर पाठवतो आहे. तुला पुढच्या महिन्यात चार दिवस मिळणार आहेत असं लिहिलंयस. त्यातला एक दिवस लेकीला पहाटे उठव आणि पाणी असेल तिथे ने. पक्षी कोणते दिसतील त्याची काळजी करू नकोस.

दुर्बीण अशी लाव: चाक फिरवायच्या आधी मधली बिजागरी बघ. ती माझ्या डोळ्यांना लावलेली आहे, लेकीला दोन गोल दिसतील आणि ती म्हणेल मोडकी आहे. तिच्यासमोर खाली बस. दोन्ही नळ्या धर आणि अगदी हळू मिटत जा, आणि दर वेळी विचारत राहा, अजून दोन दिसतात का. घाई करू नकोस. एक झाला की ती सांगेल.

तुझाच,
जुना मित्र